मुंडीचा मान

कुंदुझच्या पायातला दोरा कापला, त्या वर्षीची ही गोष्ट.

कुंदुझ ही एल्दियारची पहिली मुलगी, आणि एल्दियार हा बेगायमचा पाठचा भाऊ. पोर भिंत सोडून दोन पावलं टाकायला लागली, तसा मार्चातल्या एका रविवारी घरच्यांनी तिच्या घोट्यांभोवती काळा-पांढरा लोकरीचा दोरा गुंडाळला, तिला अंगणाच्या टोकाला उभं केलं आणि गल्लीतल्या मुलांना शर्यतीला सोडलं. पहिल्या येणाऱ्यानं सुरीनं दोरा कापायचा, म्हणजे पोर पुढं अडखळत नाही. एल्दियार बाप असून मुलांबरोबर धावला आणि सगळ्यांच्या मागं राहिला.

"मुद्दाम हरलास," बेगायम म्हणाली.

"नाही गं एजे, खरंच दम लागला." थोरल्या बहिणीला तो एजे म्हणायचा. "डोंगराची सवय झालीय. सपाटीवर पाय चालत नाहीत."

"डोंगरावर तरी काय करतोस?" त्याची बायको मीरिम पोरीला उचलता उचलता म्हणाली. "दगडावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतोस. तिलेकनं सांगितलंय मला."

"तिलेकचं काय ऐकतेस! तो खुर्चीवर बसून सोलतो."

बेगायम, एल्दियार आणि हा तिलेक, तिघंही एकाच कंपनीत होते. बिश्केक या राजधानीच्या कडेला मोजमापाची यंत्रं करणारा एक जुना कारखाना होता. जुना मोठा देश मोडून त्याचे छोटे देश झाले तेव्हा तो बंद पडला आणि त्याच्या रिकाम्या इमारतीचा एक मजला तिथल्याच एका इंजिनियरनं भाड्यानं घेतला. त्यांचं नाव सागिनाली. त्यांना साहेब कुणी म्हणत नसे, सगळे आगाय म्हणत, म्हणजे आपण गुरुजी म्हणतो तसं. सुरुवातीला तिघं माणसं होती, आता पस्तीस-चाळीस झाली होती. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांवर बसवायची यंत्रं ते करत. वर बर्फाखाली साठलेलं तळं फुटलं की दगडमातीचा लोंढा खाली गावांवर येतो. तो यायच्या आत गावात भोंगा वाजला पाहिजे, एवढंच त्या यंत्रांचं काम.

पण त्या कंपनीचं नाव झालं ते यंत्रांमुळं नव्हे, तिच्या जेवणामुळं.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सगळी कंपनी कामाच्या मोठ्या खोलीत जमिनीवर दस्तरखान पसरून जेवायला बसायची. मेंढा कापलेला असायचा. आता मेंढ्याचा कुठला भाग कुणाला द्यायचा हे त्या मुलखात ठरलेलं असतं. मुंडी मिळते ती सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला. तो सुरीनं तिचा कान कापून लहान पोराला देतो, पोरानं मोठ्यांचं ऐकावं म्हणून. वडीलधारा आधी बोलतो, मग बाकीचे, आणि त्यानं एकदा तळहात वर करून आशीर्वाद दिला की त्या विषयावर पुढं कुणी तोंड उघडत नाही.

आगायांनी हे सगळं उलटं केलं होतं. त्यांच्या दस्तरखानावर वयानं सगळ्यांत लहान असेल त्यानं आधी बोलायचं आणि आगायांनी सगळ्यांत शेवटी. आणि मुंडी त्यांच्यापुढं नाही, तर ज्यानं त्या महिन्यात आपली मोठी चूक सगळ्यांसमोर मांडली त्याच्यापुढं ठेवायची. लपवलेली चूक दुसऱ्याला सापडली तर मुंडी नाही, नुसतं सूप.

नव्या माणसांना हे चमत्कारिक वाटायचं. ते आगायांना विचारायचे.

"कारखान्यात दर महिन्याला सभा व्हायची," आगाय सांगायचे. "डायरेक्टर आधी बोलायचा, मग त्याच्या हाताखालचा, मग त्याच्या हाताखालचा. आमच्यापर्यंत येईस्तोवर बोलायला काही उरायचंच नाही. दाबाच्या घड्याळाचा काटा अडकतो हे त्या हॉलमधल्या एकूण एक माणसाला माहीत होतं, आणि एकूण एक माणूस टाळ्या वाजवत होता. म्हणून म्हणतो, माझ्या आधी बोलून घ्या. मी बोललो की तुम्ही टाळ्याच वाजवणार."

बेगायम नवी होती तेव्हाची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. तिनं पाण्याची पातळी मोजणारं यंत्र केलं होतं. ते एका संध्याकाळी उगीचच ओरडलं. नदीला पाणी नेहमीएवढंच, पण भोंगा वाजला आणि सगळं गाव म्हातारीकोतारी घेऊन टेकडीवर पळालं. त्या शुक्रवारी ती दस्तरखानावर बसली ती रडायच्या बेतात. हे सांगून झालं की घरी पाठवतील, असंच तिला वाटत होतं. आगायांनी मुंडीची ताटली तिच्यापुढं सरकवली.

"शाबास. आता सांग, का ओरडलं ते?"

"पाण्याखाली दगड गडगडत होते, आगाय. ते नळीला लागले. यंत्राला वाटलं पाणी वाढलं."

"मग पाणी कशाला मोजता?" तिलेक तोंडात घास असतानाच म्हणाला. "दगडच ऐका की!"

सगळे खो खो हसले, आणि एकदम गप्प झाले. लोंढा यायच्या आधी नदीच्या तळचे दगड गडगडायला लागतात, पाणी नंतर चढतं. त्या हसण्यातून 'कान' जन्माला आला. काठाच्या जमिनीत पुरायची पोलादी नळी, तिच्या पोटात दगडांचा आवाज ओळखणारं यंत्र, आणि वर खांबावर गावाला खबर देणारा रेडिओ. पुढं तो शेजारच्या देशांनीही नेला. परदेशी पाहुणे यायचे, फोटो काढायचे आणि विचारायचे, इतक्या छोट्या कंपनीला हे सुचलं कसं? आगाय त्यांना जेवायला बसवायचे.

कुंदुझचा दोरा कापला त्या वर्षीच्या हिवाळ्यात आगायांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी त्यांच्या मुलांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं, आणि दोन दिवसांत ते कंपनीतही सगळ्यांना कळलं. तीन महिने दस्तरखान पडलाच नाही.

कामं मात्र चालू होती. आगायांच्या स्वतःच्या गावाच्या नदीवर, डोंगरात वरपासून खालपर्यंत, पाच नवे कान बसवायचे होते. बेगायम आणि एल्दियार त्यांची परीक्षा घेत होते. मांस ठेवायच्या डीप फ्रीझरमध्ये नळ्या घालायच्या, गोठवायच्या, बाहेर काढून वितळू द्यायच्या, पुन्हा गोठवायच्या. वसंतात डोंगरावर हेच होतं, रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं.

एप्रिलच्या सुरुवातीला एकदा बेगायमनं फ्रीझरमधून काढलेल्या नळीवर हातोडीनं ठोकलं. पडद्यावर काही हाललं नाही. पुन्हा ठोकलं.

"एल्दियार, इकडं ये. हा बहिरा झालाय."

"दिवा तर हिरवा आहे."

"तेच म्हणते मी. दिवा हिरवा आणि कान बहिरा."

त्यांनी नळी उघडली. वायर आत शिरते तिथलं रबराचं वायसर थंडीनं आखडलं होतं. फटीतून पाणी आत गेलं होतं आणि गोठून बसलं होतं. यंत्राला आता काहीच ऐकू येत नव्हतं. पण रेडिओ चालू होता, बॅटरी भरलेली होती, म्हणून यंत्र बिचारं 'मी ठीक आहे, मी ठीक आहे' असं सांगत बसलं होतं.

"मीरिमच्या आजोबांसारखं," एल्दियार म्हणाला. "काही ऐकू येत नाही, पण सगळ्याला हो हो म्हणतात." मग त्यानं बहिणीकडं बघितलं. "शुक्रवारी आगाय येणारेत. मुंडी तुझीच."

"माझीच," ती म्हणाली.

शुक्रवारी तिलेक आगायांना गाडीतून घेऊन आला. ते जिना चढले ते दर चार पायऱ्यांना थांबत. कोटात माणूस कमी आणि कोटच जास्त होता. बायकांनी डोळे पुसले, पुरुषांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांना नेहमीची जागा सोडून सगळ्यांत वरच्या बाजूला, दाराच्या समोर, तीन गाद्या एकावर एक घालून बसवलं. ती वडीलधाऱ्याची जागा. तिथं ते पूर्वी कधी बसले नव्हते.

मांस आलं. तिलेकनं मुंडीची ताटली उचलली, पण त्यानं चूक कुणी आणली म्हणून विचारलं नाही. तो सरळ आगायांकडं गेला आणि गुडघ्यावर बसून ताटली त्यांच्यापुढं ठेवली.

"आज राहू द्या, आगाय. आज आमच्या मनासारखं होऊ द्या."

आगायांनी मुंडीकडं बघितलं. मग वर बघितलं, एकेकाच्या तोंडाकडं. बेगायमला वाटलं, आता ताटली ढकलतील, आता ओरडतील, आणि आपण बोलू. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण आगायांचे डोळे भरून आले आणि त्यांनी सुरी हातात घेतली.

मग तेच आधी बोलले. गावाबद्दल बोलले. त्यांच्या लहानपणी एका लोंढ्यात शेजारचं घर गेलं होतं, त्या घराबद्दल बोलले.

"आता तिथं पाच कान असतील," ते म्हणाले. "मी निवांत जाईन. उन्हाळाभर गावीच राहायचं ठरवलंय. पोरांनो, काम चांगलं झालंय, मला माहितेय." आणि त्यांनी दोन्ही तळहात वर केले.

सगळ्यांचे तळहात वर झाले. आगायांनी त्या कानांना, ते करणाऱ्या हातांना आणि ते बसवणाऱ्या पायांना आशीर्वाद दिला. ओमीन म्हणून सगळ्यांनी हात तोंडावरून खाली ओढले. बेगायमनंही ओढले.

समोर बसलेल्या एल्दियारनं तिच्याकडं बघून भुवया उंचावल्या. तिनं मान खाली घातली.

आगाय निघाले तेव्हा ती दारापर्यंत गेली. ते बाकावर बसून बूट चढवत होते. तिनं खाली वाकून त्यांच्या बुटाची चेन ओढली.

"आगाय, त्या कानांचं थोडं..."

"बेगायम, पोरी," ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आज किती दिवसांनी तोंडाला चव आली बघ."

तिनं दुसऱ्या बुटाची चेन ओढली.

"बोलायला पाहिजे होतंस," घरी जाताना एल्दियार म्हणाला.

"तू बोलायचंस मग!"

"मी काय बोलू? तळहात खाली यायच्या आत बोलायला मी काय रानटी आहे? आता आशीर्वाद झाला, एजे. आता बोलायचं म्हणजे मरणाऱ्या माणसाला तुमचा शब्द खोटा म्हणायचं."

"नकोच बोलायला," ती म्हणाली. "वायसर तर बदलायचंय. मी नवीन करून घेते. त्यासाठी बसवायचं लांबवलं तर सगळे कारण विचारतील. तू कान बसव, मागाहून गुपचूप जाऊन वायसर बदल. कुणाला कळायचं कारण नाही. त्यांना तर मुळीच नाही."

त्या कंपनीत डोंगरावर एकटं कुणी जात नसे. जायचं ते दोघांनी, आणि तिसऱ्यानं खाली रेडिओशी बसायचं, असा आगायांचा दंडक होता. पण जोडीदार न्यायचा तर त्याला सांगावं लागणार होतं, आणि एकाला सांगितलं की दस्तरखानावर आल्यासारखंच होतं.

मे महिन्यात एल्दियार आणि दुसरे काही जण जाऊन पाचही कान बसवून आले. पाच हिरवे दिवे कंपनीतल्या पडद्यावर लागले. आगाय गावी राहायला गेले. फोन करून विचारायचे, "माझे कान कसे आहेत?" आणि तिलेक सांगायचा, "हिरवेगार, आगाय."

नवी वायसरं जूनमध्ये तयार झाली. एल्दियारनं रविवार निवडला.

"मीरिमला काय सांगू?"

"ती कधीची कुमिस मागतेय ना?" बेगायम म्हणाली. वरच्या कुरणांवर तेव्हा घोड्या दूध द्यायला लागतात आणि ते आंबवलेलं पहिलं कुमिस प्यायला सगळं शहर टपलेलं असतं. "कुमिस आणायला जातो म्हणून सांग. येताना खरंच घेऊन ये म्हणजे झालं."

रविवारी बेगायम कंपनीत एकटीच पडद्यापुढं बसली होती. एल्दियार खालून सुरुवात करून एकेक कान उघडत वर चालला होता. कमरेला छोटा रेडिओ होता. कुठल्याही कानाला दगड ऐकू आले की तो किंचाळणार होता. दुपारपर्यंत खालच्या चारही कानांची वायसरं बदलून झाली. त्यानं फोन केला.

"ऊन काय कडक पडलंय गं! बर्फ नुसतं गळतंय. वरचा काय म्हणतोय?"

"हिरवा आहे."

"म्हणजे काहीच म्हणत नाही," तो हसला. "चाललो त्याच्याकडं. अर्ध्या वाटेवर आहे. कुमिसवाल्याशी बोलून ठेवलंय, चांगलं आंबट देतो म्हणाला. ठेवतो आता, दोन्ही हात लागतात इथं."

बेगायमनं चहा ओतून घेतला. पेला तोंडाला लावला तेव्हा पडद्यावर वरून दुसऱ्या कानाचा दिवा लाल झाला.

तिला आधी वाटलं, वायसर बदलताना काही हाललं असेल. मग तिसरा लाल झाला. मग चौथा. मग खालचा. वरून खाली, एकामागून एक, जसे व्हायला हवेत तसेच. गावात भोंगा वाजला असणार. ती एल्दियारला फोन लावत राहिली. पहिल्या आणि दुसऱ्या कानाच्या मध्ये नदीची घळ आहे, आणि वाट त्या घळीतूनच जाते, हे तिला माहीत होतं. वरच्या कानाला ऐकू आलं असतं तर त्याच्या कमरेचा रेडिओ किंचाळला असता. काठ चढायला तेवढा वेळ पुरला असता.

वरचा दिवा हिरवाच होता. लोंढा त्याच्या शेजारून गेला, घळ विंचरून गेला, तरी तो हिरवाच होता. संध्याकाळी तिलेक धावत आला तेव्हाही तो हिरवाच होता.

गाव वाचलं. भोंगा वाजताच माणसं टेकडीवर गेली. आगायांना त्यांच्या पुतण्यानं पाठीवर घेतलं होतं. खालची घरं चिखलाखाली गेली, पण माणूस एकही गेलं नाही. एल्दियार तिसऱ्या दिवशी सापडला.

शहरात कंपनीचं खूप कौतुक झालं. वर्तमानपत्रात कानाचं चित्र आलं. एल्दियार कुमिस आणायला वर गेला होता आणि लोंढ्यात सापडला, असंच सगळ्यांना वाटत होतं. चारच कान बोलले आणि एक बोलला नाही हे तिलेकनं पाहिलं होतं. तो बेगायमकडं आला.

"वरचा बहिरा होता?"

"होता."

"तुला माहीत होतं?"

तिनं तोंड फिरवलं.

"आगायांचे आता थोडेच दिवस राहिलेत," तिलेक म्हणाला. "त्यांना सुखानं जाऊ दे. मग आपण बघू."

तसंही चाललं असतं. पण मीरिम होती. बेगायम रोज तिच्याकडं जायची. मीरिम रडायची नाही, भिंतीकडं बघत बसायची. कुंदुझ घरभर चालत असायची, आईच्या गुडघ्याला धरून उभी राहायची, आणि मीरिम तिचे हात हळूच सोडवायची. एकदा शेजारच्या बाईनं कुमिसाचं भांडं आणून ठेवलं, तशी मीरिम उठली आणि भांड्यासकट ते अंगणात फेकून आली.

"माझ्या जिभेनं खाल्लं त्याला," ती म्हणाली. "घोडीच्या दुधापायी."

बेगायमनं त्या रात्री काही खाल्लं नाही, आणि पुढं बरेच दिवस तिला अन्न गेलं नाही.

चाळिसाव्याचं जेवण एल्दियारच्या घरी होतं. नातेवाईक आले, कंपनीतले सगळे आले. आगायांना गाडीच्या मागच्या सीटवर निजवून आणलं आणि उशांना टेकवून वडीलधाऱ्याच्या जागी बसवलं. हे घर होतं, इथं घरचीच रीत चालायची. एल्दियारच्या मोठ्या काकांनी मुंडी आगायांपुढं ठेवली. पुरुष सुरी उचलायची वाट बघत होते. बेगायम चहा वाटत होती, तिनं किटली खाली ठेवली.

"आगाय, सुरीला हात लावू नका. मला आधी बोलायचंय."

"अगं ए," काका म्हणाले, "हे तुमचं ऑफिस नाही. मयताचं जेवण आहे."

"बोलू द्या तिला," आगाय म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

ती उभ्यानंच बोलली. फ्रीझर, वायसर, हिरवा दिवा, एप्रिलचा शुक्रवार. मग ती पुरुषांकडं पाठ करून चहाच्या समोवारजवळ बसलेल्या मीरिमकडं वळली.

"तो कुमिसासाठी गेला नव्हता. मी पाठवला होता. कुमिस हा बहाणा होता, तोही मीच सांगितला. तुझा काही संबंध नाही, मीरिम."

मीरिमनं समोवारची तोटी बंद केली.

"चाळीस दिवस," ती म्हणाली. "रोज यायचीस ना गं तू? रोज माझ्यापुढं बसायचीस. चाळीस दिवस मी पोरीला जवळ घेतलं नाही. वाटायचं, हिच्या बापाला खाल्लेलं तोंड मी हिला कसं लावू? आणि तू भांडी घासून जायचीस."

तिनं कुंदुझला ओढून छातीशी धरलं, इतकं घट्ट की पोर रडायला लागली, आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. बेगायम तिच्यामागं दोन पावलं गेली आणि थांबली.

मग आगाय बोलले.

"त्या शुक्रवारी मुंडी माझ्यापुढं आली तेव्हा मला कळलं होतं," ते म्हणाले. "तिलेक, तुझे डोळे मी बघितले. बेगायम, तुझेही बघितले. हिच्याजवळ काहीतरी आहे, हे मला कळलं. चाळीस वर्षं मी तोंडं वाचतोय. पण म्हटलं, एकदाच. एकदाच मला म्हातारं होऊ दे. गोड लागलं मला ते." त्यांना धाप लागली. "त्यामुळं आज ही मुंडी माझी. मानाची नव्हे. आपल्या रीतीची."

त्यांनी सुरी उचलली, पण हातात जोर नव्हता. तिलेकनं त्यांच्या मुठीवर मूठ ठेवली आणि दोघांनी मिळून कान कापला. आगायांनी तो बेगायमच्या तळहातावर ठेवला. मग डोळे मिटून, जसे कंपनीत विचारायचे तसंच, त्यांनी विचारलं, "पाणी का शिरलं ते समजलं. तो बहिरा झालाय हे आपल्याला का कळलं नाही?"

काका चडफडत बाहेर गेले. कंपनीतली माणसं खाली बघत होती. सगळ्यांत लहान होती ती मुलगी वसंतातच कामाला लागली होती. पहिली पाळी तिची. तिनं घसा साफ केला आणि बेगायमकडं बघितलं.

"कारण आपण त्याला विचारत होतो, जागा आहेस का," बेगायम म्हणाली. "ऐकू येतंय का, असं कुणी विचारलंच नाही."

"मग त्यानं स्वतःलाच ठोकावं," तिलेक म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्याला कळत नव्हतं. "नळीत छोटी हातोडी बसवू. तासातासाला स्वतःवर टकटक करायची. आपली टकटक आपल्याला ऐकू आली तरच हिरवा. नाहीतर लाल."

"हं," आगाय म्हणाले. "करा."

त्यांनी तळहात वर केले नाहीत. कुणी त्याची वाटही बघितली नाही.

तसे कान त्यांनी केले, आणि आता सगळीकडं तेच बसतात. पहिला तयार झाला तो आगायांनी आपल्या खोलीत खाटेशेजारी ठेवायला लावला. तो तासातासाला टकटक करायचा. झोप मोडते म्हणून त्यांच्या मुलांनी तो हलवायचं म्हटलं, तर त्यांनी हलवू दिला नाही. बेगायम भेटायला जायची आणि एक टकटक होईपर्यंत बसून यायची.

दस्तरखान पुन्हा सुरू झाला. मुंडी पुन्हा चुकीपुढं जाऊ लागली, आणि वसंतात आलेल्या त्या मुलीनं सप्टेंबरात आपली पहिली चूक मांडली. बेगायम तिच्या शेजारी बसली होती.

मीरिम बेगायमशी बोलत नाही. सणाला कुंदुझला शेजाऱ्याबरोबर तिच्याकडं पाठवते आणि अंधार पडायच्या आत परत मागवते. पोर आता धावते. अडखळत नाही.

एल्दियार त्या वर्षीच्या जून महिन्यात, एका रविवारी दुपारी गेला. सागिनाली आगाय त्याच वर्षी ऑक्टोबरात, पहिलं बर्फ पडायच्या आधी गेले.